कच्ची वही

गोव्यातल्या चोडण बेटाच्या धक्क्यावरून रायबंदरला फेरीबोट जायला जेमतेम दहा मिनिटं लागतात. 2019 च्या जुलैतल्या एका सकाळी त्या दहा मिनिटांत मला अख्खी कथा सुचली होती. सुरुवात, मधला पेच, शेवटचं वाक्य, बाईचं नाव, तिच्या बाल्कांवातली (घरापुढच्या ओसरीतली) एक पाय मोडलेली खुर्ची, सगळं. मांडवी तांबडी झाली होती, फेरीत स्कूटर्स एकमेकींना खेटून उभ्या होत्या, माझा रेनकोट मानेपाशी गळत होता आणि मी मनातल्या मनात मांडे खात होते. हे कसं विसरायला होईल, असं स्वतःला म्हटलंसुद्धा.

रॅम्प खाली टेकला. सगळ्यांनी एकदम गाड्या चालू केल्या. पुढे रायबंदरचा तो लांबलचक बांधरस्ता, सतराव्या शतकात व्हाइसरॉय लिन्यारिशच्या काळात घातलेला; पावसात समोरून बस आली की त्यावर देवाशिवाय दुसरं काही आठवत नाही. पणजीला ऑफिसात पोचले, हजेरीच्या यंत्रावर बोट टेकलं, यंत्राने ओलं बोट ओळखलं नाही, ओढणीला पुसून पुन्हा टेकलं, जागेवर बसले आणि पाठकोरा कागद पुढे ओढला. खुर्ची आठवली. बाकी काही नाही.

संध्याकाळी परतताना फेरीत मुद्दाम त्याच कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. दुसऱ्या दिवशी तीच वेळ, तोच रेनकोट. आठवडाभर हा खुळेपणा केला. कथा आली नाही ती नाहीच. मोडकी खुर्ची मात्र अजून माझ्याकडे आहे. तिच्यावर कोण बसणार होतं, देव जाणे.

तोवर पंधराएक वर्षं मी लिहीत होते. वर्षाला एखाददुसरी कथा, तीही दिवाळी अंकाचं पत्र आलं की. सुचलेलं डोक्यात राहतं, आणि जे राहत नाही ते राहण्याच्या लायकीचंच नसतं, असं मी मोठ्या ऐटीत इतरांना सांगत असे. त्या खुर्चीने माझी ऐट मोडली.

पहिला उपाय सगळ्यांनी एकच सांगितला: खिशात छोटी वही ठेव. सांगणारे सगळे पुरुष. साडीला खिसा नसतो आणि पंजाबी ड्रेसला शिवलाच जात नाही, हे त्यांच्या गावीही नव्हतं. पर्समधली वही म्हणजे छत्री, डबा, औषधं आणि सासूबाईंच्या पेन्शनच्या कागदांखालची वही. ती हाताला लागेपर्यंत सुचलेलं रायबंदर ओलांडून गेलेलं असतं. शेवटी आमच्या वाड्यावरच्या आल्फायताला सांगितलं, कमिजीला उजव्या बाजूला खिसा लाव. तो म्हणाला, “खिसो कित्याक गो बाय? मोबायलाक?” वहीसाठी, म्हटलं. त्याने मान डोलावली आणि खिसा मोबाइलच्याच मापाचा शिवला. मग त्या मापाची वही शोधत मी अर्धी पणजी फिरले. एका स्टेशनरीच्या दुकानात लांबट, वरून उलटायची, पिवळ्या पुठ्ठ्याची वही मिळाली. एकदम सहा घेतल्या.

आता पेन. जूनपासून आमच्याकडचा कागद पापडासारखा मऊ पडतो. बॉलपेन त्यावर घसरतं, शाईचं पेन फुटतं. हे कळायला मला एक अपघात लागला. ऑगस्टमध्ये स्कूटरच्या डिकीत पाणी शिरलं आणि दीड महिन्याची वही त्यात दिवसभर भिजत पडली. घरी येऊन पंख्याखाली एकेक पान सुटं करून वाळवलं. जेलपेनने लिहिलेली पानं म्हणजे निळे ढग. मधे एक आठवडा पेन हरवलं म्हणून मुलाच्या कंपासपेटीतली पेन्सिल वापरली होती, ती पानं सुरकुतली, पण अक्षर न् अक्षर जागेवर. शिसपेन्सिलीचं ग्राफाइट पाण्यात विरघळत नाही, हे शाळेत शिकलेच असणार. उपयोग असा चाळिशीनंतर झाला. तेव्हापासून पेन्सिल, तीही बोटाएवढीच, खिशात टोचू नये म्हणून.

फोनचा प्रयोगही करून झाला, आणि तो कोणी मला सुचवू नये म्हणून इथेच सांगते. फेरीत उभं राहून फोनला तोंड लावून पुटपुटलं की घरी ऐकताना इंजिनाची घरघर आणि शेजारच्या दोघांचं कोणाच्या तरी जमिनीच्या वाटणीवरून चाललेलं भांडण ऐकू येतं. (भांडण माझ्या विचारापेक्षा सरस होतं, ते मी ठेवलंय.) बोललेलं आपोआप टाइप होण्याची सोय आहे, पण ती माझं अर्धं मराठी, अर्धं कोंकणी ऐकून तिसऱ्याच भाषेत लिहायची. स्वतःलाच व्हॉट्सॲप पाठवायची युक्ती चांगली होती. चवथीच्या आधी माटोळीला (गणपतीच्या वर टांगायची रानफळांची चौकट) कोणी काय आणायचं यासाठी आमच्या घरचा ग्रुप फार जोरात असतो. त्या धांदलीत मी “विहीर खोल हवी पण पाणी कमी. म्हातारीला आवाज ऐकू जात नाही” असं त्या ग्रुपवर टाकलं. वर माझ्या नणंदेचं “कांगलां आणि माट्टुळां मी आणते”, खाली माझी विहीर. पाच मिनिटं कोणी काहीच लिहिलं नाही. मग जावेने विचारलं, “कोणाची विहीर?” सासूबाई त्या संध्याकाळी माझ्याशी जरा जपून बोलल्या.

तर वही आणि पेन्सिल ठरली. वर्षभर रोज टिपत गेले. सहा वह्या भरल्या. आणि पुढच्या मे महिन्यात, दिवाळी अंकाच्या कथेसाठी त्या उघडून बसले तेव्हा कळलं की माझ्याकडे शब्दांचं नुसतं भंगार आहे.

त्यातल्या काही नोंदी जशाच्या तशा देते. “तिसरी पायरी. ओली. ती नाही.” “काका आणि पंखा!!” “मिठाचं पुन्हा.” “हेच ते, बाजारात.” त्या उद्गारचिन्हांवरून एवढंच कळत होतं की लिहिताना मला भारी आनंद झाला होता. कुठला काका? कसला पंखा? “मिठाचं पुन्हा” ही तर एकाच महिन्यात तीनदा लिहिलेली नोंद होती, म्हणजे विचार पक्का होता, तळमळीचा होता, आणि आता त्याचं मीठच उरलं होतं. रात्री अर्धवट झोपेत लिहिलेल्यांबद्दल बोलायलाच नको. वीज गेलेली, अंधारात एका ओळीवर दुसरी ओळ चढलेली; एके ठिकाणी मोठ्या कष्टाने “चांदण्याला कुलूप” एवढं वाचता आलं. वाचता आलं नसतं तर बरं झालं असतं.

पणजीत पाटोवर कदंबच्या बसस्टँडजवळच राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. जेवणाच्या सुट्टीत तिथे जाऊन मी स्मरणशक्तीवरची पुस्तकं चाळू लागले, दोष आपला नाही असं कोणीतरी सांगावं म्हणून. मिळालंही. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन गृहस्थाने 1885 साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेल्यातलं निम्म्याहून अधिक तासाभरात निसटतं. अर्थात तो निरर्थक अक्षरं पाठ करत होता, कथा नव्हे. आणि 2011 साली अमेरिकेत गॅब्रिएल राद्वान्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं मांडलं की माणूस एका दारातून पलीकडच्या खोलीत गेला की अलीकडच्या खोलीतलं विसरण्याचं प्रमाण वाढतं. पुढे इतर संशोधकांना तो परिणाम तेवढा ठळक दिसला नाही. मला मात्र फेरीचा रॅम्प आठवला. लोखंडी दार धाडकन आडवं पडतं आणि मागची खोली नदीत राहते.

पण हे झालं विसरण्याचं. लिहून ठेवलेलंही का मेलं, याचं उत्तर ग्रंथालयात मिळालं नाही. ते फोंड्याला मिळालं, तांदळाच्या रिकाम्या डब्यात.

माझं माहेर फोंड्याचं. बाजारात आमचा पसरो होता. आजोबांनी घातलेला, आप्पांनी चालवलेला. तांदूळ, नारळ, मीठ, काथ्या, रॉकेल. 2020 च्या टाळेबंदीत तो बंद झाला तो आप्पांनी पुन्हा उघडला नाही. दुसऱ्या वर्षी जागा रिकामी करायची म्हणून आम्ही भावंडं जमलो. मागच्या कोठीत पत्र्याच्या मोठ्या डब्यात आजोबांच्या वह्या निघाल्या, लाल कापडाच्या बांधणीच्या, काहींना कसर लागलेली. भाऊ म्हणाला, जाळून टाकू. मी म्हटलं, थांब जरा.

तीन तऱ्हेच्या वह्या होत्या. एक कच्ची वही: गल्ल्यापाशी दोरीला टांगलेली, तेलाच्या बोटांचे डाग पडलेली, घाईत खरडलेली. दुसरी रोजकीर्द: त्याच दिवशी रात्री कच्च्या वहीतलं नीट उतरवून काढलेली. तिसरी खतावणी: रोजकीर्दीतली एकेक नोंद ज्याच्या त्याच्या खात्यावर, रोजकीर्दीच्या पानाचा आकडा शेजारी घालून. दुकानात वाढले असूनही हे मी कधी नीट पाहिलं नव्हतं. आप्पांच्या काळात सगळं पाठकोऱ्या कागदांवर आणि शेवटी मोबाइलवर आलं होतं.

कच्च्या वहीतल्या नोंदी वाचत मी जमिनीवरच बसले. “बोरीची, हिरवे लुगडे, कडेवर मूल, तांदूळ 2 पायली, बुधवारी देते म्हणाली.” “पोदेराचा धाकटा, जो लंगडतो, रॉकेल.” “म्हातारा, काल भांडला तो, मीठ, पैसे दिले पण रागाने.” नाव ठाऊक नसलेल्या गिऱ्हाइकाला उधार दिलं की आजोबा असं लिहीत. साठ वर्षांनी मला ती बोरीची बाई दिसत होती. तिचं मूल रडत होतं की नाही एवढंच काय ते कळत नव्हतं. आणि माझ्या वहीत, वर्षाच्या आत, “काका आणि पंखा”!

फरक उघड होता. आजोबांना पैसे वसूल करायचे होते. बुधवारी ती बाई आली नाही तर गुरुवारी बोरीला माणूस पाठवावा लागणार आणि त्या माणसाला ती ओळखू यायला हवी. म्हणून नेमकी तेवढीच खूण, जिच्यावरून वसुली होईल. मला वसुली करायची आहे हे मी लिहिताना धरतच नव्हते. मी माझा आनंद तेवढा टिपत होते.

त्या दिवसापासून प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी घालायला लागले: कोण, कुठे, आणि त्यात मला नेमकं काय खुपलं किंवा आवडलं. तिसरी सगळ्यात कठीण. “काका आणि पंखा” ही नोंद आज केली तर ती अशी होईल: “म्हापशाच्या बँकेत, रांगेतले काका, पंखा आपल्यावर यावा म्हणून हळूहळू रांग सोडून सरकतात, नंबर जातो, तरी खूश.” (हे बनवून लिहिलंय. खरा पंखा गेला तो गेलाच.) वेळ लागतो, पण तीस-चाळीस शब्दांच्या वर जात नाही, आणि फेरी धक्क्याला लागायच्या आत लिहून होते. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन गोळा केल्या. त्यातली कुठलीही लीळा काढा, गाव, देऊळ, सोबत कोण, हे बहुधा आलेलंच असतं. कॉलेजात हे आम्ही परीक्षेपुरतं वाचलं. त्यांच्यापुढेही वसुलीच होती, आणि माणसं एकेक करून निघून चालली होती.

दुसरी गोष्ट त्याहून हळू कळली, आणि माझ्यासारख्या गोव्यात मराठी लिहिणाऱ्यांना तीच जास्त लागू आहे.

फेरीत रोज संध्याकाळी एक नुस्तेकान्न असते. पावसाळ्यात समुद्रातली ट्रॉलरची मासेमारी बंद असते तेव्हा ती मानशीतले, म्हणजे खाजणाच्या पाणदारापाशी धरलेले, शेवटे, काळुंदरं आणि कुर्ल्या विकून रिकामी पाटी घेऊन परत येते. एकदा आभाळ भरून आलं होतं, सगळे रेनकोट चढवत होते, ही तशीच उभी. कोणीतरी तिला विचारलं, छत्री कुठाय? तिने काहीतरी उत्तर दिलं आणि तो सगळा कोपरा हसला, मीही हसले. लगेच खिशातली वही काढून टिपलं: “फेरी, नुस्तेकान्न, छत्री नाही. म्हणते, पावसाला सांगून ठेवलंय, मी घरी पोचल्यावर ये. सगळे हसले.” कोण, कुठे, काय, सगळं शिस्तीत. महिन्याने वाचलं तर गंमत पार मेलेली. बरं वाक्य आहे, पण त्याला कोपरा का हसेल?

आजोबांच्या वह्या तेव्हा माझ्याकडेच आणून ठेवल्या होत्या, कडुलिंबाच्या पाल्यात. एका रविवारी आप्पा आले असताना आम्ही 1959 ची रोजकीर्द उघडून बसलो. त्यात रकमेसाठी दोन घरं आखलेली. एकात रुपिया आणि टांगा, सोळा टांगांचा एक रुपिया, दुसऱ्यात एस्कुदो. पोर्तुगीजांनी 1958 मध्ये रुपिया काढून एस्कुदो आणला, सहा एस्कुदोंना एक रुपिया असा. लोकांच्या घरी जुनी नाणी होतीच, ती घेऊन ते दुकानात येत. 1962 च्या वहीत तर भारतीय रुपयाचं तिसरं घर. मी आप्पांना विचारलं, एवढा घोळ कशाला, गिऱ्हाईक समोर असतानाच एका नाण्यात करून का लिहीत नव्हते? आप्पा म्हणाले, “जें नाणें आयलें तेंच बरोवपाचें. हिशेब मागीर, दिवो लायतकच.” आलं तेच नाणं लिहायचं, हिशेब नंतर, दिवा लावल्यावर. गल्ल्यावर घाईत भागाकार करायला गेलं की चूक होते, आणि एकदा बदलून लिहिलं की मुळात काय आलं होतं ते कोणालाच सांगता येत नाही.

मी उठून माझी वही आणली. नुस्तेकान्नीचं वाक्य मी गल्ल्यावरच मोडून घेतलं होतं. तिच्या तोंडून ते कोंकणीत आलं आणि वहीत उतरेपर्यंत मी त्याचं मराठी केलं. सवयच तशी. गोव्यात आमच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या बोलणं कोंकणी आणि लिहिणं मराठी. पेन्सिल कागदाला लागली की हात आपोआप मराठी होतो. (या विषयावर दोन्हीकडची बोलणी मी पोटभर खाल्ली आहेत. इथे तो वाद उकरून काढायचा नाही.)

दुसऱ्या दिवशी फेरीत तिला गाठून विचारलं, त्या दिवशी छत्रीवरून तुम्ही काय म्हणालात? “हांवें? कितें म्हळ्ळें?” तिला काही आठवेना. मी हिरमुसले. पण दोनच दिवसांनी पुन्हा आभाळ आलं, पुन्हा कोणीतरी छत्रीचं काढलं, आणि ती म्हणाली, “पावसाक सांगून दवरलां, हांव घरा पावतकच यो म्हूण.” ते तिचं पावसाळ्यातलं रोजचंच वाक्य निघालं. या वेळी मी जसंच्या तसं उतरवून घेतलं, आणि उतरवतानाच दिसलं: पावसाक, पावतकच. पाऊस आणि पोचणं एकाच नादात बांधलेलं. “पोचल्यावर” लिहून मी नेमका तोच धागा तोडला होता.

आता या वाक्याचं मराठीत काय करायचं, हा दिवा लावल्यानंतरचा हिशेब. चार रात्री घालवल्या. मग लक्षात आलं की मराठीतही पावणं आहे. जुन्या मराठीत ते पोचणं आहे, आजच्या बोलण्यात देव पावतो तेवढंच उरलंय. कथेत मी म्हातारीच्या तोंडी घातलं, “पावसाला म्हटलंय, मी घरी पावले की ये बाबा.” मुंबईच्या संपादकांचा फोन आला, इथे “पोचले” हवं का? नको म्हटलं. त्यांनी ठेवलं, हा त्यांचा मोठेपणा.

पोर्तुगालमधल्या ब्रागाच्या ग्रंथालयात सोळाव्या शतकातली गोव्याची हस्तलिखितं आहेत. त्यांत रामायण-महाभारतातल्या कथा कोंकणीत, रोमी लिपीत उतरवून घेतलेल्या आहेत. उतरवून घेणाऱ्यांचे हेतू काहीही असोत, लिपी त्यांनी आपली वापरली, भाषा मात्र बदलली नाही. त्यामुळे चारशे वर्षांपूर्वी साष्टीकडचा माणूस गोष्ट कशी सांगायचा ते आज वाचता येतं. त्यांनी तेव्हाच लॅटिन किंवा पोर्तुगीज करून ठेवलं असतं तर गोष्ट राहिली असती, सांगणारा गेला असता.

हे सगळं जमून आल्यावर आता माझा धंदा आजोबांच्या पद्धतीने चालतो. खिशातली ती कच्ची वही. त्यात शुद्धलेखन नाही, तारीख आहे. कोंकणी, मराठी, बसमधल्या कंडक्टरची हिंदी, जे नाणं येईल ते. रात्री जेवणं झाली की दहा मिनिटं रोजकीर्द: शाळेची दोनशेपानी वही, शाईच्या पेनने. उतरवताना निम्म्या नोंदी गळतात. त्या का टिपल्या तेच कळत नाही, आणि त्याच दिवशी कळत नसेल तर सहा महिन्यांनी काय कळणार. रविवारी दुपारी खतावणी. खाती फार नाहीत: माणसं, वाक्यं, जागा, भांडणं. “भांडणं” हे खातं सुरुवातीला नव्हतं, पण गोव्यात जमिनीवरून भांडणाऱ्यांच्या नोंदी इतक्या व्हायला लागल्या की वेगळं काढावं लागलं. प्रत्येक नोंदीपुढे रोजकीर्दीच्या पानाचा आकडा. एखादी नोंद दोन खात्यांवर जाते, तेव्हा दोन्हीकडे घालायची. कथा बहुतेक वेळा अशा दोन खात्यांवरच्या नोंदीतूनच निघते, हे माझ्यापुरतं.

ग्रंथालयातच पुढे गेओर्ग लिश्टेनबेर्ग सापडला. अठराव्या शतकातला, ग्यॉटिंगनला भौतिकशास्त्र शिकवणारा. 1765 पासून 1799 मध्ये मरेपर्यंत त्याने खरडवह्या ठेवल्या, आणि त्यातच लिहून ठेवलंय की व्यापाऱ्यांची कच्ची वही, रोजकीर्द आणि खतावणी असते तशीच लिहिणाऱ्यानेही ठेवावी. हे वाचून मला आनंद व्हायला हवा होता. झाला राग. अडीचशे वर्षांपूर्वी छापण्याजोगं जे त्याला सुचलं, ते माझ्या आज्याच्या गल्ल्याला दोरीने टांगलेलं होतं आणि मी त्याच्या खालून चॉकलेटं चोरत वाढले.

याहून मोठे थाटही वाचले. निक्लास लुहमान नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञाने सुमारे 90,000 चिठ्ठ्या क्रमांक घालून लाकडी खणांत ठेवल्या होत्या आणि तो म्हणे त्यांच्याशी संवाद करी. मोठा माणूस. पण नव्वद हजार चिठ्ठ्यांना चोडणच्या पावसाळ्यात बुरशीपासून कोण राखणार? माझ्या वह्यांचे मी महिन्याच्या शेवटी फोनने फोटो काढते, तेवढीच माझी आधुनिकता.

फायदा किती, असं नवरा एकदा विचारून बसला. गेल्या वर्षीची खतावणी मोजली. चारशेच्या आसपास नोंदी, कथेत उतरल्या अकरा. तो पोस्टात आहे, त्याला व्याजाचे दर तोंडपाठ. म्हणाला, “हो वेव्हार परवडना.” मी म्हटलं, आजोबांची उधारी तरी कुठे सगळी वसूल झाली? त्या बोरीच्या बाईचं खातं मी खतावणीत शोधलंय. दोन पायली तांदूळ अजून येणेच आहेत.

सवय अजून अंगात पुरती मुरलेली नाही. अजून कधी गडबडीत मराठी करूनच टिपते आणि रात्री उतरवताना ते पुन्हा मागे नेता येत नाही. कधी टिपण्याच्या नादात बघायचं राहून जातं. एकदा फेरीत एक मुलगी रडत होती, मी तिच्या चपला, बॅग, हातातला कागद सगळं लिहून काढलं आणि मान वर केली तर ती उतरून गेली होती. ती नोंद मी रोजकीर्दीत घातली नाही.

परवा संध्याकाळी फेरीत कोपऱ्यात उभी राहून लिहीत होते. शेजारी पाटी टेकवत नुस्तेकान्न आली. मान वाकडी करून तिने वहीत पाहिलं.

“किदें बरयता गो रोज?” काय लिहितेस रोज, म्हणून.

आता तिला काय सांगणार? तिचंच वाक्य अंकात छापून आलंय, त्याचे मला मानधनाचे पैसेही मिळालेत, हे काही तोंडातून निघेना. म्हटलं, “हिशेब.”

“तर बरय,” ती म्हणाली, “आयताराचे कुर्ल्यांचे वीस रुपया उरल्यात तुजेकडेन.”

मी मागची पानं उलटून पाहिली. रविवारी तिने कुर्ली कशी बांधली, नांगी कशी मोडली, काळ्या पिशवीला भोक पडल्यावर काय म्हणाली, सगळं होतं. वीस रुपये कुठेच नव्हते.